बाबा झोपत का नाहीत?

माझ्या गाडीला तीन ब्रेक आहेत. एक पायाचा, एक हाताचा आणि तिसरा डाव्या सीटसमोरच्या मॅटवर. हा तिसरा ब्रेक फक्त बाबांना दिसतो. समोर ट्रक आला की त्यांचा उजवा पाय तिथे जोरात दाबला जातो, आणि गाडी थांबली नाही की ते माझ्याकडे असं बघतात, जणू काही ब्रेक फेल झाल्याचं मी त्यांच्यापासून लपवून ठेवलंय.

तुमच्याही घरी असा एक ब्रेक असणार. लाजू नका, हात वर करा!

तर झालं असं, की ऑक्टोबरच्या शेवटी आम्ही दोघांनी तारकर्लीला जायचं ठरवलं. आई मावशीकडे गेलेली, मला एका लेखासाठी समुद्राचे फोटो हवे होते आणि बाबांना रिटायर झाल्यापासून काहीतरी कारण हवंच असतं. त्यात आजोबांचं गाव आचऱ्याच्या बाजूला. आता तिथे आमचं कुणी नाही, पण बाबांच्या तोंडात 'आमच्या मालवणात' हे शब्द असे बसलेत, की ऐकणाऱ्याला वाटावं ते दर शनिवारी जाऊन येतात.

अडचण एकच. गेल्या वर्षी बाबांच्या डोळ्याचं ऑपरेशन झालं आणि डॉक्टरांनी रात्रीचं ड्रायव्हिंग बंद करायला सांगितलं. समोरून हेडलाइट आला की त्यांना सगळं पांढरं दिसतं. पस्तीस वर्षं ज्या माणसाने घरातलं प्रत्येक वाहन, प्रत्येक फॉर्म आणि प्रत्येक निर्णय स्वतः चालवला, त्याला रात्री नऊ वाजता डाव्या सीटवर बसून माझ्या हातात किल्ली द्यावी लागली. किल्ली देताना त्यांनी विचारलं, "आरसे नीट केलेस?"

आता तुम्हाला मुंबई-गोवा महामार्ग माहीतच आहे. नसेल तर तुम्ही खूप सुखी आहात. २०११ पासून त्याचं चौपदरीकरण चाललंय, आणि मी कॉलेजात गेले, मास कॉमची डिग्री घेतली, एका चॅनलमध्ये नोकरी केली, ती सोडली, तरी हायवेवर 'काम चालू आहे' हा बोर्ड आहेच. वडखळ येईपर्यंत बाबांनी तिसरा ब्रेक बावीस वेळा दाबला. मी मोजले. पेणला मी म्हटलं, "बाबा, तुम्ही झोपा ना जरा." ते म्हणाले, "मला झोप येत नाही गाडीत." साफ खोटं! मामा गाडी चालवत असला की हा माणूस पनवेलला झोपतो तो थेट चिपळूणला वडापावच्या वासाने उठतो.

म्हणून मी माझं हत्यार काढलं. गोष्ट! हातातल्या लेखासाठी मी आठवडाभर शिडाच्या बोटींच्या शर्यतींबद्दल वाचत होते. म्हटलं, त्यातलीच एक बाबांना सांगावी, म्हणजे पाय तरी गप्प राहील.

गोष्ट २०१३ सालची. इंग्लंडमध्ये फास्टनेट नावाची एक शर्यत असते. १९२५ साली सात बोटींनी सुरू झाली. हल्ली ती दर दोन वर्षांनी होते. आइल ऑफ वाइट बेटावरच्या काउझपासून निघायचं, इंग्लंडच्या दक्षिण किनाऱ्याने पश्चिमेकडे जायचं, लँड्स एंड सोडलं की उघड्या समुद्रात शिरायचं आणि आयर्लंडच्या टोकाशी एक एकटा खडक आहे, फास्टनेट रॉक, त्याला वळसा घालून परत यायचं. तेव्हा शेवट प्लिमथला व्हायचा आणि अंतर होतं सुमारे ६०८ सागरी मैल. २०२१ पासून शेवट फ्रान्सच्या शेरबुर्गला असतो आणि अंतर ६९५ मैलांच्या आसपास गेलंय. एक सागरी मैल म्हणजे १.८५२ किलोमीटर, म्हणजे जुना मार्ग झाला सव्वाअकराशे किलोमीटरचा. फक्त वाऱ्यावर. इंजिन बंद.

"मुंबईहून मालवणला जाऊन येण्याइतकं," मी म्हटलं.

"या रस्त्याने की समुद्राने?" बाबा म्हणाले. पॉइंट होता.

त्या वर्षी ही शर्यत जिंकली पास्काल आणि अलेक्सी लोआझाँ या फ्रेंच बापलेकांनी. बोटीचं नाव 'नाइट अँड डे'. लांबी जेमतेम ३३ फूट, म्हणजे आपल्या एसटीपेक्षाही थोडी आखूडच. आणि बोटीवर माणसं किती? दोन. बाप आणि मुलगा. बस्स! शर्यतीत शंभर फुटांच्या अवाढव्य बोटीही असतात, त्यांच्यावर वीस-वीस माणसं असतात, लाखो पौंडांची शिडं असतात. दोघांनीच चालवलेल्या बोटीने सगळ्यांत पहिलं येणं हे १९२५ पासून तोपर्यंत एकदाही झालं नव्हतं.

"शंभर फुटी बोट मागे कशी राहिली?" बाबांचा पाय अधांतरी थांबलेला मला दिसला.

इथे थोडं टेक्निकल आहे, पण बाबा बँकेतले, त्यांना आकडे आवडतात. त्याचं काय आहे, मोठी बोट आधी पोचतेच. तिला रेषा आधी ओलांडल्याचा वेगळा मान मिळतो. पण खरा करंडक ठरतो तो दुरुस्त केलेल्या वेळेवर. प्रत्येक बोटीची लांबी, वजन, शिडाचा आकार असं सगळं मोजून तिला एक आकडा दिला जातो. लागलेल्या वेळेला त्या आकड्याने गुणायचं. समजा, मोठ्या बोटीला ६० तास लागले आणि तिचा आकडा १.६ आहे, तर तिचा वेळ धरला जाईल ९६ तास. छोटीला ९५ तास लागले आणि तिचा आकडा १ असेल, तर तिचे ९५ च. दीड दिवस उशिरा येऊनही छोटी जिंकली!

"म्हणजे मिळकतीप्रमाणे टॅक्स," बाबा म्हणाले. इतक्या वर्षांत मला पहिल्यांदा वाटलं, की बँकेतल्या माणसांकडूनसुद्धा लेख लिहून घ्यायला हवेत.

त्या वर्षी वाराही छोट्या बोटींना साथ देणारा निघाला, हे खरं. पण वारा काय, तो आजूबाजूच्या सगळ्याच छोट्या बोटींना सारखा होता, आणि त्यांच्यावर हातही जास्त होते. शिवाय त्या समुद्राचा खरा खेळ वाऱ्यापेक्षा भरती-ओहोटीचा. इंग्लंडच्या त्या किनाऱ्याला पाण्याचे प्रवाह असे जोरदार वाहतात, की वारा पडला तर बोट पुढे तोंड करून मागे जायला लागते. अशा वेळी हुशार माणूस चक्क नांगर टाकून उभा राहतो. बाकीचे मागे वाहत जातात, म्हणजे उभा राहिलेला पुढे गेला. इंदापूरच्या अलीकडे डायव्हर्जनला आम्ही वीस मिनिटं एका जागी उभे होतो तेव्हा मी बाबांना म्हटलं, आपण आत्ता तेच करतोय.

मग त्यांनी तो प्रश्न विचारला. "झोपतात कधी?"

चार-पाच दिवसांची शर्यत, माणसं दोन. मोठ्या बोटीवर पाळ्या लावता येतात, निम्मे जागे आणि निम्मे झोपलेले. इथे एक झोपला, की दुसरा एकटा. अंधार, पाऊस, आजूबाजूला इंग्लिश खाडीतली मालवाहू जहाजं, आणि सुकाणूवर एकच माणूस. ऑटोपायलट वापरायला दोघांच्या बोटींना परवानगी असते, पण वारा बदलला, शीड बदलायचं झालं, की माणूसच लागतो. मग झोप मिळते तुकड्यातुकड्याने. कधी वीस मिनिटं, फार नशीब असेल तर तास-दीड तास, तीही ओल्या कपड्यांत. आणि ज्यांना अशी तुकड्याची झोप घेता येत नाही, त्यांचं तिसऱ्या दिवशी डोकं चालेनासं होतं. चुकीचं शीड, चुकीचं वळण, आणि जिंकायचं तर सोडाच, घरी पोचायचे वांधे.

"म्हणजे बापाला झोपता यायला पाहिजे," मी मुद्दाम म्हटलं.

बाबा खिडकीतून बाहेर बघायला लागले. बाहेर काहीही दिसत नव्हतं.

महाडच्या पुढे त्यांनी हिशेब चुकता केला. "तुझ्या या शर्यतीत माणसं मेलीत का कधी?" बापांना हे कसं कळतं कुणास ठाऊक! मेलीत. १९७९ साली ३०३ बोटी निघाल्या होत्या आणि ऑगस्टच्या मध्यावर आयर्लंडच्या समुद्रात त्यांना वादळाने गाठलं. पंधरा खलाशी गेले. कितीतरी बोटी माणसांनी अर्ध्यावर सोडून दिल्या, आणि त्यातल्या काही नंतर तरंगतच सापडल्या. त्यानंतर नियम बदलले. बोटीवर रेडिओ सक्तीचा झाला, आणि आधी समुद्रात पुरेसा अनुभव घेतल्याशिवाय शर्यतीत उतरता येईनासं झालं.

"आणि तरी हा माणूस स्वतःच्या मुलाला घेऊन गेला."

"मुलगा मोठा होता हो बाबा! उलट मुलगाच व्यावसायिक खलाशी. फ्रान्समध्ये फिगारो म्हणून एकट्याने करायच्या शर्यतींची मोठी मालिका असते, तो त्यातला मुरलेला. बोट वडिलांच्या नावावर, पण पोरगं प्रोफेशनल."

"व्यावसायिक म्हणजे नोकरी?"

"नाही. म्हणजे... शर्यतीप्रमाणे. स्पॉन्सर वगैरे."

"म्हणजे तुझ्यासारखंच." एक मोठा पॉझ. "मग त्याचेही पैसे वेळेवर येत नसतील."

आता मंडळी, खरी गोष्ट सांगते. मी नोकरी सोडून फ्रीलान्सिंग सुरू केलं त्याला दीड वर्ष झालं. बाबा एका शब्दाने काही बोलले नाहीत. पण दर महिन्याच्या सात तारखेला, जेव्हा पूर्वी माझा पगार व्हायचा, ते पेपर वाचता वाचता विचारतात, "आले का?" कधी आलेले असतात, कधी नसतात. नातेवाइकांना ते अजून सांगतात, की मी चॅनलमध्येच आहे. आईने एकदा सांगितलं, की हल्ली ते रात्री दोनला उठून हॉलमध्ये बसतात. मी विचारलं तर म्हणे उकडतं. जानेवारीत!

म्हणून सांगते, तिसरा ब्रेक फक्त गाडीत नाहीये.

कशेडीचा बोगदा, परशुराम घाट, संगमेश्वर... पहाटे कसालला उजवीकडे वळलो तेव्हा बाबांचे डोळे लाल होते आणि ते ताठ बसले होते. रात्रभरात एक मिनिट झोपले नाहीत. मालवण आलं. समोर समुद्रात सिंधुदुर्ग. १६६४ च्या नोव्हेंबरात महाराजांनी कुरटे बेटावर मुहूर्त केला आणि तीन वर्षांत किल्ला उभा केला, पायात शिसं ओतून. तीन वर्षांत! मी हायवेबद्दल काहीच बोलले नाही, पण आम्ही दोघंही एकाच वेळी हसलो.

तारकर्ली मालवणपासून सहा-सात किलोमीटर. एका बाजूला समुद्र, एका बाजूला कर्ली नदी आणि मध्ये माडांची एक चिंचोळी पट्टी, जी पुढे देवबागला निमुळती होत संपते. तिथे नदी समुद्राला मिळते. तुम्ही स्कूबासाठी गेला असाल, रील टाकला असेल. गर्दी, बनाना बोट, 'डॉल्फिन पाहिजे का डॉल्फिन' हे सगळं आहेच. ४ डिसेंबर २०२३ ला नौदल दिनाची प्रात्यक्षिकं इथल्याच किनाऱ्यावरून देशाने बघितली. पण सकाळी साडेसहाला वाळूवर फक्त रापण ओढणारी माणसं असतात. दोन दोर, दोन रांगा, आणि मधलं जाळं हळूहळू किनाऱ्याकडे येतंय. त्या रांगांत आजोबा होते आणि नातूही होते. बाबा चप्पल काढून जाऊन दोराला लागले. मी फोटो काढला. तो लेखासाठी नाही, फॅमिली ग्रुपसाठी.

चहा पिताना मी त्यांना आपल्याकडच्या शिडवाल्यांबद्दल सांगितलं. समोरचाच समुद्र तो, गोव्याहून मुंबईला जाणारं प्रत्येक जहाज इथूनच जाणार. आपल्याकडे लांब पल्ल्याची शिडाची सफर म्हणजे मुख्यतः सैन्यदलांचं काम. तरी त्यातही एक बापलेकांसारखी साखळी आहे. व्हाइस अ‍ॅडमिरल मनोहर आवटी, फलटणजवळ विंचुर्णीला राहणारे, ऐंशीच्या घरातले. त्यांच्या डोक्यात होतं, की एका भारतीयाने एकट्याने, भारतात बांधलेल्या शिडाच्या बोटीतून जगाला फेरी मारावी. २००६ मध्ये कमांडर दिलीप दोंदे पुढे आले. गोव्यात दिवाडी बेटावर रत्नाकर दांडेकरांनी ५६ फुटी 'म्हादेई' बांधली. दोंदे १९ ऑगस्ट २००९ ला मुंबईहून निघाले आणि चार बंदरं घेऊन १९ मे २०१० ला परत आले. त्यांच्या तालमीत तयार झालेले अभिलाष टॉमी, २०१२-१३ मध्ये कुठेही न थांबता एकटे फिरून आले. टॉमींचे वडीलही नौदलातलेच. पुढे २०१८ च्या गोल्डन ग्लोब शर्यतीत हिंदी महासागराच्या दक्षिणेला टॉमींची डोलकाठी मोडली, पाठीला जबर दुखापत झाली, तीन दिवसांनी फ्रेंच जहाजाने त्यांना उचललं. आणि हा माणूस त्याच शर्यतीत परत उतरला! २०२३ च्या एप्रिलमध्ये दुसरा आला. पहिली आली ती दक्षिण आफ्रिकेची कर्स्टन नॉइशेफर.

"परत जायला घरच्यांनी दिलं?" बाबांना बोटीपेक्षा नेहमी घरच्यांचीच काळजी.

"दिलं असणार. गेला ना."

"दिलं आणि मग झोपले का, ते विचार कधीतरी."

कधीकधी वाटतं, मुलाखती घ्यायला मी बाबांनाच पाठवावं.

एक मात्र आहे, समुद्रावर बापाचं सुकाणू पोरांकडे नीट जातंच असं नाही. आमच्या कोकणातलंच उदाहरण घ्या. कान्होजी आंग्रे १७२९ मध्ये गेले. त्यांच्या आरमाराने इंग्रज-पोर्तुगीजांची झोप उडवली होती. चार वर्षांत थोरले सेखोजीही गेले, आणि मागे राहिलेल्या भावांनी घर फोडलं. संभाजी विजयदुर्गाला, मानाजी कुलाब्याला. १७५६ मध्ये विजयदुर्ग पडला तेव्हा तुळाजी कैदेत गेला. बाबांना हा इतिहास माझ्यापेक्षा चांगला पाठ आहे. ते म्हणाले, "म्हणून आम्ही एकच मूल ठेवलं." मी चहा सांडला.

तर आता मुद्द्यावर येते. आठ वाजता आम्ही देवबागहून एका बोटीत बसलो. डॉल्फिन बघायला, दुसरं काय! बाबांनी आधी दोघांची लाइफ जॅकेट ओढून ओढून तपासली. मे २०२२ मध्ये इथेच पर्यटकांची बोट उलटून माणसं गेली होती, ते त्यांच्या लक्षात होतं. जॅकेटचा पट्टा माझ्या हनुवटीपर्यंत आवळून झाला तेव्हा कुठे त्यांनी बोटवाल्याला हो म्हटलं.

बोट फायबरची, मागे इंजिन. बोटवाले साठीच्या पुढचे, सगळे त्यांना तात्या म्हणत होते. पण इंजिनाशी ते बसलेच नाहीत. तिथे त्यांचा मुलगा, बाविशीचा असेल, कानात एक इअरफोन, टी-शर्टवर कुठल्यातरी फुटबॉल क्लबचं नाव. तात्या पुढे नाळेवर बसले. नदीच्या मुखाशी वाळूचा उथळ पट्टा असतो, त्यावर लाटा फुटतात. तिथून बोट बाहेर काढायची म्हणजे दोन लाटांच्या मधली फट पकडायची. मुलाने इंजिन बारीक केलं आणि थांबला. एक लाट, दुसरी लाट. तात्यांनी मान वळवली नाही, हात केला नाही, काहीच नाही. तिसऱ्या लाटेच्या मागोमाग मुलाने बोट अशी सरकवली, की माझ्या पोटातलं चहाचं पाणीसुद्धा हललं नाही.

मी बाबांच्या पायाकडे बघितलं. उजवा पाय फळीवर घट्ट दाबलेला.

आणि बाहेर खुल्या समुद्रात आल्यावर तात्या चक्क आडवे झाले. डोक्याखाली दोराचं वेटोळं घेतलं, टोपी डोळ्यांवर ओढली आणि झोपले! दहा मिनिटांनी घोरण्याचा आवाज. डॉल्फिन आले, दोन-तीन पाठी वर आल्या, मी मोबाइल काढेपर्यंत गेले. बाबांनी डॉल्फिन बघितलेच नाहीत. ते तात्यांकडे बघत होते.

परतताना तात्या उठले, तोंडावर समुद्राचं पाणी मारलं. आणि बाबा एकदम मालवणीत सुरू झाले. मी अठ्ठावीस वर्षांत त्यांच्या तोंडून मालवणी ऐकली ती फक्त आजीच्या फोनवर, तीही आजी होती तोपर्यंत.

"तात्यानू, तुमका बरी झोप लागता ओ बोटीत!"

"लागता तर. झील हा ना थय."

"आणि पयल्यापासून लागायची?"

तात्या हसले. मागे मुलाकडे एकदा बघितलं, तो इअरफोनमध्ये मग्न होता. आवाज खाली आणून म्हणाले, "नाय ओ. पयली दोन वर्सा डोळे मिटून जागोच होतंय. तेका कळूक नाय."

तेवढ्यात मागून आवाज आला, "माका ठावक होता."

तात्या दचकले. मग तोंडावर हात ठेवून असे काही हसायला लागले, की बोट हलली. मुलगा समोर बघत होता, सुकाणूवरचा हात तसाच. बाबाही हसले, पण जरा उशिरा.

दुपारी सुरमई, सोलकढी आणि तीन तास घोरून झोप. (खोलीत त्यांना झोप येते, प्रॉब्लेम गाडीचाच आहे.) संध्याकाळी आम्ही मालवणच्या धक्क्यावर गेलो. माझे आजोबा इथूनच मुंबईला गेले, आगबोटीने. आगबोट बाहेर खोल पाण्यात उभी राहायची आणि माणसांना पडावातून तिच्यापर्यंत न्यायचे. आजोबा सतरा वर्षांचे होते. पत्र्याची पेटी, उकड्या तांदळाचं गाठोडं, आणि गिरगावात कुणीतरी ओळखीचं, एवढ्यावर गेले. पणजोबा धक्क्यावर उभे होते. आगबोट नजरेआड झाल्यावर ते घरी आले आणि पत्र येईपर्यंत ओटीवरच झोपायचे, आत आले नाहीत. हे बाबांना आजीने सांगितलेलं.

मला फास्टनेट खडक आठवला. आयर्लंडमध्ये त्याला आयर्लंडचा अश्रू म्हणतात. अमेरिकेला जाणाऱ्या बोटींतल्या माणसांना त्यांच्या देशाचा शेवटचा तुकडा दिसायचा तो हाच. लोआझाँ बापलेकांना मात्र तो खडक म्हणजे अर्धी शर्यत झाल्याची खूण. मी हे बाबांना सांगितलं. ते म्हणाले, "आजोबांना शेवटचं काय दिसलं असेल? किल्लाच."

"ओटीवर किती दिवस झोपले पणजोबा?"

"पत्राला बारा दिवस लागले, असं आजी म्हणायची." मग जरा वेळाने, "पैसे कधी यायला लागले ते मात्र कुणी सांगितलं नाही."

रविवारी परतलो. उजेड असेपर्यंत बाबांनी चालवली, अगदी मजेत, शिट्टी वाजवत. डाव्या सीटवर मी झोपून बघितलं. झोप लागली मला, कणकवली कधी गेलं कळलंसुद्धा नाही. खारेपाटणला सूर्य बुडाला. बाबांनी गाडी कडेला घेतली आणि किल्ली इग्निशनमध्येच ठेवून खाली उतरले. आरशांबद्दल विचारलं नाही.

राजापूरच्या पुढे त्यांनी सीट मागे केली, रुमालाची घडी केली आणि डोळ्यांवर ठेवली. मी रेडिओ बारीक केला. ओणी गेलं. लांजा गेलं. श्वास एकसारखा चालू. मला उगाच भरून आलं वगैरे, आणि मी चाळीसच्या वर गाडी न्यायला तयार नव्हते. मागून ट्रकवाला हॉर्न मारून मारून दमला.

हातखंब्याच्या अलीकडे एक स्पीडब्रेकर आहे, रंग उडालेला. तो मला शेवटच्या क्षणी दिसला. मी ब्रेक दाबला.

डाव्या बाजूला, मॅटवर, एक उजवा पाय माझ्याही आधी दाबला गेला होता. रुमाल जागच्या जागी. श्वास एकसारखा.

मी काही बोलले नाही. गाडी पुढे घेतली आणि पन्नासवर नेली. पुढच्या महिन्याची सात तारीख शुक्रवारी येते.